मधल्या बोटाची दोन पेरं

१

रखमाबाई मढवींचा उजवा हात टेबलावर उताणा पडला होता. ओहोटीला होडी चिखलात टेकते आणि तिथेच राहते, तसा. कल्पिता भोईरने सांगितलं, मूठ वळा. बोटं थरथरली, अर्ध्या वाटेपर्यंत आली आणि थांबली. रखमाबाईंच्या कपाळावर घाम आला, पण मूठ काही वळली नाही.

शेजारच्या स्क्रीनवर मात्र हाच हात काल सकाळी पूर्ण मिटला होता. परवाही मिटला होता. त्याच्या आधीही रोज.

कल्पिता ठाण्याच्या त्या हँड क्लिनिकमध्ये थेरपिस्ट होती. जखमी हातांना पुन्हा कामाला लावायचं, हे तिचं काम. रखमाबाई कोलशेतच्या. फणस फोडताना कोयता निसटला आणि बोटं ओढणाऱ्या तळव्यातल्या दोऱ्या, ज्यांना डॉक्टर कंडरा म्हणतात, त्या तुटल्या. डॉ. प्राची वैद्य यांनी त्या जोडल्या. मग घरी व्यायामासाठी रखमाबाईंना एक हातमोजा मिळाला. काळा, पातळ, प्रत्येक सांध्यावर एक सेन्सर. सांधा किती वाकला ते मोजा मोजायचा आणि क्लिनिकला कळवायचा. नव्या मोज्याची ट्रायल चालू होती आणि ट्रायलमधल्या पेशंटचं पुढचं सगळं त्याच्याच रिपोर्टवर ठरायचं.

कल्पिताने रखमाबाईंचं एकेक बोट आपल्या हाताने वळवून पाहिलं. दुसऱ्याने वळवलं की वळत होतं, रखमाबाईंनी स्वतः वळवलं की नाही. सांधे मोकळे, दोऱ्या अडकलेल्या. जखम भरताना त्या आतल्या आत चिकटल्या होत्या. पुन्हा उघडून सोडवायला हव्या होत्या, आणि लवकर.

हे तिने डॉ. प्राचींना तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. त्यांचंही खोटं नव्हतं. घरी हात मिटत असेल तर दोऱ्या मोकळ्या आहेत, मग चांगल्या हातावर सुरी का चालवायची? शुक्रवारी ट्रायलची कमिटी बसणार होती. तिथे त्या लिहून देणार होत्या की ऑपरेशनची गरज नाही, पेशंट सहकार्य करत नाही. मोज्याला काय पडलंय खोटं बोलायचं, असं त्या म्हणाल्या होत्या.

रखमाबाईंना शब्द कळले नव्हते, सूर कळला होता. पदराने कपाळ पुसत त्यांनी विचारलं, "बाय, डॉक्टरीन काय बोलली? मी सोंग करतंय?"

हात खोटा होता किंवा मोजा. आणि शुक्रवार काही लांब नव्हता.

२

मोज्याच्या कंपनीच्या हेल्पलाइनवर कल्पिताने सकाळभर गाणं ऐकलं. मेलला उत्तर आलं, उपकरण व्यवस्थित चालू आहे. तिने पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर आलं, फक्त खाली सही दुसरी. शेवटी तिने रजा टाकली आणि निघाली. शीळफाट्याला ट्रेलरांच्या रांगेत तिची रिक्षा अशी रुतली की उतरून चालत जावं असं तिला वाटलं. रिक्षावाला म्हणाला, ताई, चालत गेलात तरी पुढे हेच ट्रेलर भेटणार.

डोंबिवलीत मानपाड्याला, औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्याच्या माळ्यावर कंपनीचं ऑफिस होतं. खालच्या रंगाच्या कारखान्याचा वास जिन्यातून तिच्याबरोबर वर आला. मालक श्रीपाद आपटे, निवृत्त इंजिनीअर. पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्यांनी तिला बसवलं, चहा मागवला, स्वतःच्या कपावर बशी झाकून ठेवली आणि शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

मग ते बोलले. मोजा त्यांनी मुळात बायकोसाठी केला होता. शीलाताईंचे हात संधिवाताने वाकडे झाले होते. आज किती वाकलं, काल किती, हे कोणी नीट मोजतच नाही, याची त्यांना चीड होती. प्रत्येक मोजा ते स्वतः तपासून पाठवायचे. बोलताना त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि अंगठा बोटांवरून सावकाश फिरत होता, एखादा दाणा चुरडावा तसा. त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता.

ट्रायलमधला प्रत्येक हात सुधारला, ते म्हणाले. या मढवीबाईंची रेघ तेवढी सुरुवातीला आडवी पडली होती. मग चढली.

"आळस झटकला असेल," ते म्हणाले. "काही लोकांना व्यायामच नको असतो."

कल्पिताने चहा अर्धा टाकला. रखमाबाईंच्या कपाळावरचा घाम या माणसाने कधी पाहिला नव्हता.

जिन्यात तिला सुशांत भेटला. पेशंटच्या घरी मोजे पोचवणारा तो. त्याने सरळ सांगितलं, एका पेशंटच्या नावावर दोन मोजे असतात. एक घरी, एक इथे धुवायला. दर आठवड्याला तो अदलाबदल करतो. दोन्ही एकाच नंबरला बोलतात आणि रिपोर्टला दिवसातलं सगळ्यात चांगलं माप जातं. एखाद्याचा दिवस वाईट असू शकतो, सरांचं म्हणणं असतं.

म्हणजे इथला मोजाही कोणी घालू शकतं, कल्पिता म्हणाली.

सुशांतने तिच्यासमोर उजवा पंजा धरला. तर्जनीचं शेवटचं पेर खाली झुकलेलं होतं, मान टाकल्यासारखं. "क्रिकेटचा बॉल. शाळेत असताना. हे सरळ होतच नाय. माझ्यावर डाउट घ्यायच्या आधी रेकॉर्डमधलं बोट बघा मॅडम." मग हसून म्हणाला, "आणि विचारायचंच तर मढवीबाईंच्या सुनेला विचारा. रसिकावहिनी स्वतः बोललेली मला, मोजा मी पण घातलेला म्हणून."

३

कोलशेतला मढवींचं घर टॉवरांच्या मधोमध होतं, दुमजली, गुलाबी. जिथे सासऱ्यांची मिठागरं होती तिथे आता स्विमिंग पूल होता, आणि वारा फिरला की त्या पुलावरूनही खाडीचाच वास यायचा.

रसिकाने काही लपवलं नाही. हो, घातलेला. एकदाच, रील करायला. आईंच्या हातात ते रोबोटसारखं बघून तिलाही हौस आलेली. ती मूळची कल्याणची, बोलणं तिखट. कल्पिताने विचारलं, फक्त एकदाच का, तेव्हा तिने हातातला झारा ओट्यावर आपटला.

"म्हणजे मी सासूचं ऑपरेशन बुडवतेय, असं म्हणायचंय का तुम्हाला? भाजी चिरण्यापासून वेणी घालण्यापर्यंत आईंचं सगळं मी करते. तो हात बरा व्हावा म्हणून मी काय काय बोललेय देवाला, ते देवाला विचारा जाऊन."

कल्पिताने माफी मागितली, आणि विचारलं, मोजा कुठे असतो. देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला लटकत होता. स्वच्छ. रखमाबाई व्यायामापुरता घालायच्या, बाकी वेळ खिळ्यावर. भाचीच्या हळदीच्या दिवशी तर त्यांनी त्याला हातसुद्धा लावला नव्हता. पिवळा होईल, मग डॉक्टरीण बोलेल, म्हणून. त्या दिवशी पहाटेपासून अख्खं घर मांडवात होतं. रसिका दिवसभर पाहुण्यांना वाढत होती, तिथून हलली नव्हती.

कल्पिताने रसिकाच्या मोबाईलवर मोज्याचं अ‍ॅप उघडलं आणि हळदीची तारीख शोधली.

त्या दिवशीही मूठ पूर्ण मिटली होती.

घराला कुलूप होतं, रसिकाने सांगितलं. किल्ली एकच, आईंच्या कमरेला. आणि मग नको असलेलं आठवल्यासारखं ती थांबली. आई त्या दिवशी मध्येच मांडवातून उठून गेल्या होत्या. कुठे गेल्या, कोणाला माहीत नव्हतं.

कल्पिताने ते रेकॉर्ड लावलं. पडद्यावर रेघांचा एक हात उमटला. न मांस, न कातडी, नुसते सांधे. तो उघडला, मिटला, उघडला, मिटला. कोणाचा धक्का नाही, आधार नाही, आपल्या जोरावर. व्यायाम संपला. हात विसावला. कल्पिता बंद करणार होती, तेवढ्यात अंगठा हलला. तो बोटांवरून चालू लागला, एका पेरावरून दुसऱ्या पेरावर, सावकाश. प्रत्येक पेराला टेकत, क्षणभर थांबत, पुढे.

रसिकाने तोंडावर हात ठेवला. "हे... आई अशाच मोजतात," ती हळूच म्हणाली. "धवले म्हणताना."

४

रखमाबाई धवलारीण होत्या. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतचा प्रत्येक विधी जी बाई गाऊन लावते ती. धवला लांबलचक, कागद नाही, पुस्तक नाही. एक कडवं म्हटलं की अंगठा एका पेरावर, पुढचं म्हटलं की पुढच्या. गाणं गळ्यात असतं, पण त्याची वाट बोटांत असते.

कल्पिता त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. हा हात घरी खरंच मिटत असेल, तर तिने आजवर डॉक्टरांशी घातलेला सगळा वाद फुकट होता. आणि ही म्हातारी सगळ्यांना बनवत होती. तरी तिने विचारलं, हळदीच्या दिवशी कुठे गेला होता.

रखमाबाईंनी उजवा हात डाव्या हातात घेतला. मग सांगितलं. खाडीच्या घाटावर जाऊन बसल्या होत्या. त्या दिवशी हळदीचा धवला सुरू केला. अंगठा पुढे केला, बोटं भेटायलाच आली नाहीत. डाव्या हातावर गाता गाता मोजायची सवय नाही, त्यामुळे कुठल्या कडव्यावर आहोत ते कळेना. हळदीत त्यांनी पाठवणीचं कडवं म्हटलं. बाया आधी हसल्या, मग गप्प झाल्या.

"हासल्या त्याचा नाय काय," रखमाबाई म्हणाल्या. "गप झाल्या ना, ता लागला मना."

आता पुढच्या लग्नाला दुसऱ्या गावची धवलारीण बोलावली होती.

कल्पिताने मोबाईल त्यांच्यासमोर धरला. रेघांचा हात पुन्हा मोजू लागला. रखमाबाई डोळे बारीक करून बघत राहिल्या आणि मान हलवत म्हणाल्या, हा कोणीतरी चुकीचा मोजतो.

कल्पिताने विचारलं, चुकीचा कसा. रखमाबाईंनी धडधाकट डावा हात पुढे केला आणि मोजून दाखवलं. करंगळीच्या बुडाच्या पेरापासून वर. मग पुढचं बोट बुडापासून वर. मग मधलं. मग तर्जनी. चार बोटं, बारा पेरं, एकही सुटलं नाही.

पडद्यावरचा हात तसा चालत नव्हता. तो सुरूच करत होता करंगळीशेजारच्या बोटाच्या मधल्या पेरावर. तिथून खाली, करंगळीवरून वर, मग टोकाटोकाने पलीकडे, आणि तर्जनीवरून खाली. दहा. मधल्या बोटाचं फक्त टोक. त्याच्या खालच्या दोन पेरांना अंगठा शिवतही नव्हता. कल्पिताने पुन्हा लावलं. पुन्हा दहा. पुन्हा तीच दोन सुटली.

तिने विचारलं, ही मधली दोन तुम्ही कधी सोडता का.

"का सोरू?" रखमाबाईंना रागच आला. "त्या दोन पेरांनी कुनाचा काय घोरां मारलाय?"

कल्पिता हसली, बऱ्याच दिवसांनी. मग तिने पडद्यावरची तर्जनी निरखली. शेवटचं पेर ताठ होतं, झुकलेलं नव्हतं. सुशांत सुटला.

आणि तिला आठवला बशी झाकलेला चहा, पांढरा शर्ट, आणि मांडीवर आपल्याच तंद्रीत चालणारा एक अंगठा.

५

ऑफिसात आपटे भेटले नाहीत. मीटिंगमध्ये, मग फोनवर, मग निघून गेलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कल्पिता त्यांच्या डोंबिवलीच्या घरी गेली. दार शीलाताईंनी उघडलं, कोपराने कडी सरकवून. त्यांची बोटं एका बाजूला कलंडलेली होती. आपटे नुकतेच पूजेवरून उठले होते. कल्पिताला बघून त्यांनी उपरणं नीट केलं.

तिने आरोप केला नाही. मोबाईल शीलाताईंसमोर ठेवला आणि रेकॉर्ड लावलं. त्यांना म्हणाली, एका पेशंटचा हात आहे, कसा वाटतो सांगा.

शीलाताई कौतुकाने बघू लागल्या. मूठ उघडली, मिटली. अंगठा चालू लागला. आणि त्यांचा चेहरा ओळखीने उजळला, रस्त्यात कोणी आपलं माणूस भेटावं तसा.

"अहो, हा तर तुमचा हात," त्या म्हणाल्या. "जपाला बसता तसा."

पडद्यावरचा हात मोजत राहिला.

मग कल्पिताने एकेक सांगितलं, कारण शीलाताईंना कळायला हवं होतं. हळदीच्या दिवशी घरचा मोजा खिळ्यावर होता, घराला कुलूप होतं. म्हणजे बोलला तो दुसरा मोजा, जो मानपाड्याला धुवायला होता. त्याला हात लावणारे दोघे, आपटे आणि मोजे पोचवणारा सुशांत. सुशांतची तर्जनी झुकलेली, ही ताठ. आणि ही मोजणी धवल्याची नाही. धवला बारा पेरांवर चालतो. जपात मधल्या बोटाची दोन पेरं ओलांडत नाहीत, तो मेरू, माळेतल्या मेरुमण्यासारखा. ज्याने लहानपणापासून तसा जप केला, त्याचा हात मोकळा बसला की आपोआप तसाच मोजतो. हातात मोजा आहे हे त्याला आठवतसुद्धा नाही.

आपटे खुर्चीत बसले. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांनी नाकारलं नाही. ओरडले असते तर कल्पिताला भांडता आलं असतं. ते समजावून सांगू लागले. एका आडव्या रेघेमुळे अख्खी ट्रायल पडली असती. मोजा उत्तम आहे, बाई व्यायाम करत नव्हती, त्यात मोज्याचा काय दोष. चार दिवस आपण रेघ उचलून धरली तर तीही लाजेने करू लागेल, असं त्यांना वाटलं होतं.

"तिला बघितलंत का तुम्ही एकदा तरी?" कल्पिताने विचारलं.

त्यांनी बघितलं नव्हतं. आकडे बघितले होते.

शीलाताईंनी आपले दोन्ही हात मांडीवरून उचलून टेबलावर ठेवले, नवऱ्याच्या समोर, वाकडे होते तसे.

"माझी पण रेघ आडवीच होती ना हो," त्या म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही माझ्या उशाशी बसून मोजा शिवलात. मला नाही कधी आळशी म्हणालात."

आपट्यांचा अंगठा बोटांकडे वळला. मग त्यांना ते दिसलं, आणि त्यांनी हात उपरण्याखाली घेतला.

६

आपट्यांनी सगळं लिहून दिलं. कल्पिताने ते डॉ. प्राचींच्या टेबलावर ठेवलं. जिंकल्यासारखं तिला काही वाटलं नाही. इतके दिवस ती जे तोंडाने सांगत होती, तेच आता एका पुरुषाच्या सहीने खरं झालं होतं.

डॉ. प्राचींनी ते वाचलं, चष्मा काढला. मग कपाटातला जुना पत्र्याचा कोनमापक काढला, रखमाबाईंना आत बोलावलं आणि स्वतः एकेक सांधा मोजला. अर्ध्या वाटेवर. सगळे अर्ध्या वाटेवर. त्यांनी माफी मागितली नाही. फक्त तो हात टेबलावर न टाकता, दोन्ही हातांनी उचलून रखमाबाईंच्या मांडीवर ठेवला.

शुक्रवारी कमिटीत ऑपरेशन मंजूर झालं. पण मधले दिवस गेले ते गेले. चिकटलेलं आणखी घट्ट झालं होतं. किती परत येईल, डॉ. प्राची म्हणाल्या, सांगता येत नाही. कदाचित सगळं. कदाचित दोन बोटं.

कल्पिताला सगळ्यात जास्त टोचत होतं ते हे, की मोजा खरंच उत्तम होता. तो एकदाही खोटं बोलला नव्हता. ज्याचा हात आत गेला त्याचाच हात त्याने दाखवला, अगदी जपासकट. खोटं होतं ते वर लिहिलेलं नाव.

ऑपरेशनच्या सकाळी रखमाबाई हिरवा गाऊन घालून थिएटरबाहेर बसल्या होत्या. रसिका एका बाजूला, कल्पिता दुसऱ्या बाजूला. बांगड्या काढलेला हात उघडा पडला होता. त्यांना भीती वाटत होती, हे त्या म्हणाल्या नाहीत. कल्पिताला म्हणाल्या, तुझा हात दे.

त्यांनी कल्पिताचा उजवा हात आपल्या मांडीवर उताणा घेतला आणि डाव्या हाताचा अंगठा तिच्या करंगळीच्या बुडाशी टेकवला. मग अगदी खालच्या आवाजात, कॉरिडॉरमधल्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा, हळदीचा धवला सुरू केला.

हलद दलतां हात पिवला झाला,
आयचे डोल्यान पानी का आला.

एक कडवं, एक पेर. करंगळी झाली. दुसरं बोट झालं. अंगठा मधल्या बोटाच्या बुडाशी आला, तिथे टेकला, वर सरकला, पुन्हा टेकला. त्या दोन पेरांवर रखमाबाईंनी अंगठा जरा जोरातच दाबला आणि कल्पिताकडे बघितलं, नीट लक्षात ठेव म्हणून.

आतून नाव पुकारलं गेलं. तर्जनीची तीन कडवी राहिली होती. वॉर्डबॉय दारात उभा राहिला. रखमाबाईंनी त्याला डोळ्यांनीच थांबवलं आणि शेवटचं पेर येईपर्यंत जागेवरून हलल्या नाहीत.